शनिवारची वही

(आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात बेंगळुरू येथे स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा येलहंका येथे भरला होता. त्या प्रसंगी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण त्यांच्या संमतीने येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



तुम्हाला 'अहो-जाहो' करताना माझी जीभ अडखळते आहे, हे आधीच सांगून टाकते. समोर बसलेल्यांपैकी अनेकांची नखे मी तपासली आहेत, काहींची तर कापलीही आहेत. आता तुमचे केस पांढरे झाले असले, किंवा मुळी उरलेच नसले, तरी प्रार्थनेच्या रांगेतली तुमची जागा मला आठवते. तेव्हा मध्येच 'तुम्ही'ऐवजी 'तू' निसटले तर राग मानू नये.

गावाकडची मंडळी काल रात्री बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघून आज सकाळी इथे पोहोचली. येलहंका त्यांना नवे. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आले तेव्हा मलाही ते नवेच होते. हे केंपेगौडांच्या घराण्याचे ठाणे. 1537 साली त्यांनी बेंगळुरू वसवले, त्याच्याही आधीपासून येलहंका नांदते आहे. आता इथे हवाई दलाचा तळ आहे आणि रेल्वेची चाके तयार करणारा मोठा कारखाना आहे. तुम्ही ज्या गाडीने आलात तिची चाके कदाचित इथेच ओतली गेली असतील.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक सरकारी प्राथमिक शाळा आहे. बांधकामावर मजुरी करणाऱ्यांची मुले तिथे येतात. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी कलबुर्गीकडची कन्नड. शनिवारी सकाळी फिरायला निघाले की मी त्या शाळेच्या कुंपणाशी हटकून थांबते. सकाळची शाळा, कवायत, मग ओट्यावर गोल करून बसलेली मुले. एका शनिवारी तिथल्या बाईंनी मला आत बोलावले आणि मी शिक्षिका होते हे कळल्यावर एक गोष्टच सांगायला लावली. नोकरीसाठी मी कन्नडची परीक्षा दिली होती, परंतु माझे कन्नड अर्ज-विनंत्यांचे. त्या भाषेत कोल्ह्याची गोष्ट सांगताना कोल्हा फारच अदबीने वागू लागला. मुले पोट धरून हसली. घरी आल्यावर मी ट्रंक उघडली आणि आपल्या शाळेच्या जुन्या वह्या बाहेर काढल्या. आज जे बोलणार आहे ते त्या वह्यांविषयी.

आपली शाळा खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, यावरून तिथल्या पावसाची कल्पना बाहेरच्यांनी करावी. 1956 पूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला. आपली शाळा सुरू झाली ती म्हैसूर राज्यात, आणि 1973 साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. दाखल्यांवरचे राज्याचे नाव बदलले, फळ्यावरची भाषा मराठीच राहिली.

मी रुजू झाले तेव्हा दोन खोल्या, एक पडवी, वर खानापूरची लाल कौले आणि खाली मातीची जमीन. शिक्षक दोन, वर्ग चार. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. दुसरीला पाढे घालून द्यायचे आणि तोवर पहिलीच्या पाट्या तपासायच्या. मोठ्याने लहानाला शिकवल्यावाचून अशी शाळा चालतच नाही. पुढे म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 1995 च्या सुमारास 'नलि-कली' नावाचा उपक्रम सुरू झाला. वेगवेगळ्या इयत्तांची मुले गटांनी बसून एकत्र शिकतात, आपापल्या गतीने पुढे जातात, अशी ती पद्धत. त्याविषयी प्रशिक्षणात ऐकले तेव्हा वाटले, आम्ही निरुपायाने जे करत होतो त्याला कोणीतरी नीट विचार करून शिस्त लावली आहे.

आठवड्याचे म्हणाल तर सोमवार-मंगळवारी सांगण्यासारखे विशेष काही नसे. गणवेश, नखे, पाढे, शुद्धलेखन. जे कुठल्याही शाळेत असते तेच.

गुरुवारी परसबाग. हात-पाय धुतलेले पाणी एका चरातून अळू, भेंडी आणि कोथिंबिरीच्या वाफ्यांकडे जाई. 1995 नंतर मुलांना महिन्याला 3 किलो धान्य घरी न्यायला मिळू लागले, आणि 2003 पासून 'अक्षर दासोह' योजनेत शाळेतच भात-सांबार शिजू लागले. तेव्हा आपल्या वाफ्यातली भेंडी त्या सांबारात पडू लागली. सांबारात भेंडी नको असणाऱ्यांची एक तक्रार वहीत नोंदलेली आहे, आणि ती नोंदवणारा इथे दुसऱ्या रांगेत बसला आहे.

शुक्रवारी सारवण. घरून शेण आणायचे, दोन्ही खोल्या सारवायच्या, वाळल्यावर पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, तिला फुले वाहायची आणि चुरमुरे वाटायचे. सारवण मुलींनी करायचे आणि मुलांनी पाणी आणायचे, अशी वहिवाट होती. मी ती बदलली. दोन पालक रागावून शाळेत आले. 'आमच्या पोराला सारवायला लावता?' असा प्रश्न होता. जमीन सगळेच तुडवतात, असे काहीतरी उत्तर मी दिले. ते त्यांना पटले नाही, पण वहिवाट बदलली. त्यांच्यापैकी एकाच्या सूनबाईंनी मघाशी मला हळूच सांगितले की घरातली फरशी पुसण्याचे काम ह्यांच्याकडेच आहे.

आणखी एक बदल मी गाजावाजा न करता केला होता. पाण्याच्या पिंपाशी उभे राहून सर्वांना पाणी वाढण्याचे काम हजेरीपटाच्या क्रमाने दिले. कोणाच्या हातचे कोणी प्यायचे याविषयी गावात तेव्हा काय रीत होती, ती तुम्हाला ठाऊक आहे. मी त्यावर भाषण केले नाही. फक्त यादी भिंतीला चिकटवली. पहिले दोन आठवडे काही मुले तहानलेलीच घरी गेली. तिसऱ्या आठवड्यात उन्हाळा कडक झाला.

आता बुधवार. बुधवार हा पत्रांचा दिवस. ही प्रथा माझ्या आधीच्या गुरुजींनी पाडली होती, त्याचे श्रेय माझे नाही. दुपारच्या सुट्टीनंतर गावातली म्हातारी माणसे पडवीत येऊन बसत. कोणाचा मुलगा गोव्यात हॉटेलात, कोणाचा मुंबईत, कोणाचा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होऊन पुढे कुठे सीमेवर गेलेला. 15 पैशांचे पोस्टकार्ड घेऊन ती येत आणि चौथीची मुले त्यांची पत्रे लिहून देत. मायना कसा लिहावा, 'वि. वि.' म्हणजे काय, पत्ता कुठे लिहावा, हे पुस्तकातल्या धड्याने शिकवावे लागले नाही. गावातली माणसे समोर बसून सांगत होती आणि मुलांना ते सांगणे कागदावर उतरवायचे होते. 'काय की, बरं आहे म्हणून लिही' असे आजी म्हणाल्या, की त्याचे 'आम्ही सर्व येथे खुशाल आहोत' कसे करायचे, हे मुले एकमेकांत ठरवत. उत्तर आले की तेही वाचून दाखवावे लागे. पोस्टमन आधी शाळेत येत, मग गावात जात.

एका पावसाळ्यात काय झाले ते सांगते. काही जणांना ठाऊक आहे, बहुतेकांना नसेल.

एक आजी मुलाला पत्र लिहवून घ्यायला आल्या. मुलगा दूर नोकरीला. आजींना ताप होता, पाय सुजले होते, रोपलावणीला त्या गेल्या नव्हत्या आणि हे सगळे गाव पाहत होते. पत्रात मात्र त्यांनी नेहमीचेच सांगितले : सर्व खुशाल, काळजी करू नये, पैसे मिळाले. चौथीतला एक मुलगा लिहीत होता. त्याने सांगितले तसे लिहिले, आजींना वाचून दाखवले. आजी उठून गेल्यावर कार्डाच्या कडेला उरलेल्या जागेत बारीक अक्षरात त्याने आपल्या मनाने एक ओळ घातली : आजी आजारी आहेत, तुम्ही यावे. खाली आपली इयत्ताही लिहिली.

पंधरा दिवसांनी मुलगा आला. आजींना बेळगावला नेले, उपचार झाले, त्या बऱ्या झाल्या. पण बऱ्या झाल्यावर त्या शाळेत आल्या आणि मला म्हणाल्या, 'बाई, तुमच्या पोरानं माझं पत्र खोटं केलं.' त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मुलाची रजा बुडाली, पगार कापला गेला, सुनेसमोर आपण खोट्या पडलो, हे त्यांचे दुःख. आणि ते खरे होते.

मला काही सुचेना. त्या मुलाला शाबासकी द्यावी तर उद्या कोणी आपले मन ह्या मुलांपुढे उघडे करायचे नाही. रागवावे तर त्याने एका माणसाचा जीव वाचवला असण्याची शक्यता होती. मी तो प्रश्न शनिवारी बालसभेपुढे ठेवला. खरे म्हणजे टाळला, असेच म्हणा.

शनिवारची बालसभा तुम्हाला आठवत असेलच. सकाळची शाळा, कवायत, गोष्ट, आणि मग सभा. अध्यक्ष दर आठवड्याला वेगळा, चिठ्ठी टाकून. एकजण वृत्तांत लिहिणारा. ह्याच त्या वह्या. त्या दिवशीचे अध्यक्षपद तिसरीतल्या एका मुलीकडे होते. ती एरवी वर्गात तोंड उघडत नसे. सभा पाऊण तास चालली. दोन बाजू पडल्या. एक म्हणे, जे सांगितले तेवढेच लिहायचे, पत्र आजींचे आहे. दुसरी म्हणे, डोळ्यांना दिसते ते न लिहिणे हेही खोटेच. तो मुलगा गप्प बसून होता. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारले, 'तू आजींना विचारलं का नाहीस?' त्याने उत्तर दिले, 'त्या नको म्हणाल्या असत्या.'

वृत्तांत माझ्यासमोर आहे. अक्षर वेडेवाकडे, शाई फुटलेली. ठरले ते असे : लिहिणाऱ्याला काही अधिक लिहावेसे वाटले तर त्याने सांगणाऱ्याला तसे तोंडावर सांगावे. तो नको म्हणाला तर लिहू नये. पण मग बाईंना सांगावे, आणि बाईंनी स्वतः घरी जाऊन बघावे. म्हणजे शेवटी काम माझ्यावर आले! त्यानंतर कितीतरी बुधवारी संध्याकाळी मी कोणाच्या ना कोणाच्या घरी गेले. आजींकडे तो मुलगा आपण होऊन गेला. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, परंतु पुढच्या बुधवारी आजी पडवीत होत्या आणि त्यांनी कार्ड त्याच्याच हातात दिले.

मंडळी, मूल्यशिक्षणाच्या तासाला मी अनेक वर्षे बरेच काही शिकवले असेन. त्यातले कोणाला काही आठवत असेल असे मला वाटत नाही.

अशा गोष्टी केवळ आपल्याच शाळेत घडल्या, असा माझा दावा नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 ह्या काळात अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. छापखाना नव्हता म्हणून ते थांबले नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या, आणि तिला 'कुरणशाळा' हे नाव पडले. डी.एड.ला असताना मी हे वाचले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. कळले मात्र आपल्या गावी, रोपलावणीच्या दिवसांत, पटावर नावे आणि वर्गात रिकाम्या जागा पाहून. मग सकाळची वेळ अलीकडे आणली, धाकट्या भावंडांना सोबत आणायला परवानगी दिली. माझ्या ह्या व्यवस्थेवर एका अधिकाऱ्यांनी शेरा मारला होता. तो कागद मी जपून ठेवलेला नाही.

आता धोरणेच शनिवारचे कौतुक करू लागली आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले. महाराष्ट्राने 2024 मध्ये 'आनंददायी शनिवार' आणला. चांगलेच आहे. फक्त परिपत्रकात उपक्रमांची यादी आली की शिक्षक छायाचित्रे काढण्यात गुंततो, हेही मी पाहिले आहे.

आता जे बोलणार आहे ते बोलताना मला संकोच वाटतो, पण हीरकमहोत्सवाला फक्त गोडच बोलायचे असा दंडक नसावा.

आपल्या शाळेचा पट घसरत गेला. मुख्याध्यापक सांगतीलच, आज तो दोन आकड्यांच्या काठावर उभा आहे. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा मुलाच्या घरापासून 1 किलोमीटरच्या आत असावी असे ठरले, तरी मुलेच नसतील तर शाळा कशी टिकणार? पिवळी बस गावात येते आणि मुलांना शहरातल्या इंग्रजी शाळेत घेऊन जाते. मी घरोघर जाऊन पालकांना समजावत असे. एका घरी एका आईने मला पाणी दिले, बसायला दिले आणि शांतपणे विचारले, 'बाई, तुमचा मुलगा चौथीनंतर कुठं शिकला?'

माझा मुलगा चौथीनंतर बेळगावला, इंग्रजी माध्यमात शिकला. मावशीकडे ठेवला होता. शनिवारची सभा ज्या मुलांसाठी मी चालवत होते, त्यांत पाचवीपासून माझा मुलगा नव्हता. मी त्या माउलीला काही उत्तर देऊ शकले नाही, आणि त्यानंतर कोणाच्याही दारात मुले मागायला गेले नाही. गेले पाहिजे होते. तिचा प्रश्न योग्य होता, पण त्यामुळे माझे काम थांबायला नको होते. हे मी आज प्रथमच जाहीरपणे सांगते आहे; मुलगा समोर बसला आहे, त्यालाही ते असे कधी सांगितले नव्हते.

तुम्ही मंडळींनी शाळेसाठी निधी जमवला आहे. त्यातून प्रवेशद्वाराची कमान आणि संगणक घ्यायचा विचार आहे असे ऐकते. कमान करा, माझी ना नाही. आपल्याकडे कमानीशिवाय महोत्सव झाल्यासारखा वाटत नाही. संगणकही द्या. आणि कौले फेरावयाची आहेत, ती आधी फेरा.

परंतु मुख्याध्यापकांशी बोलताना मला एक गोष्ट कळली. बुधवार बंद पडला आहे. गावात आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे, पडवीत कोणी येत नाही. मुले पत्रलेखन शिकतात ते काल्पनिक : मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज, मित्रास सहलीचे वर्णन. त्या मित्राला पत्ता नसतो आणि तो कधी उत्तर पाठवत नाही.

म्हणून माझी मागणी आहे. आपल्या शाळेची मुले बुधवारी तुम्हाला पोस्टकार्ड लिहितील. कार्ड अजूनही 50 पैशांना मिळते. ती तुम्हाला विचारतील की तुम्ही काय काम करता, येलहंक्याला तळे आहे का, विमान जवळून केवढे दिसते, तुम्ही तिसरीत असताना कोण कोण होते. तुम्ही आठ दिवसांत उत्तर द्यायचे. हाताने लिहून, मराठीत. फोनवर निरोप चालणार नाही. अक्षर बिघडले असेल तर बिघडलेल्या अक्षरात लिहा, मुलांना तेवढाच धीर येईल. शनिवारी सभेत ती उत्तरे वाचली जातील आणि ज्याचे उत्तर आले नाही त्याचे नाव वृत्तांतात लिहिले जाईल. ह्या अटीला मुख्याध्यापकांनी मान्यता दिली आहे. ज्या पालकांची मुले आता त्या शाळेत नाहीत, त्यांनीही आपल्या मुलांकडून उत्तरे लिहवून घेतली तर हरकत नाही. माझी नात लिहिणार आहे. ती मराठी वाचते, पण लिहिताना अडखळते; तिचे पत्र मी तपासणार नाही असे तिला वचन दिले आहे.

ह्या वह्या मी आज शाळेच्या स्वाधीन करते. एकूण अकरा आहेत. दोन पावसात भिजल्या, त्यांची पाने सांभाळून उलटा. स्मरणिकेत छापायला काही घ्यायचे असेल तर ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना आधी विचारा; सभेचा ठराव तसाच आहे.

मागच्या रांगेपासून एक कोरा कागद फिरवायला दिला आहे. त्यावर प्रत्येकाने आपले नाव, शाळा सोडल्याचे वर्ष आणि पूर्ण पत्ता लिहावा. पिनकोड विसरू नका, चौथीतही निम्मे जण विसरत होते. माझा पत्ता पहिल्या ओळीत लिहिला आहे, येलहंका, बेंगळुरू 560064. कागद पुढे द्या.